घटक ६ : स्थळवर्णनाची भाषा

६.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण व्यक्तिचित्राची भाषा पाहिली. या घटकात स्थळाच्या वर्णनाकडे वळावयाचे आहे. प्रवासवर्णन, ललित निबंध, कादंबरी, वृत्तपत्रातील लेख, पर्यटनाची पुस्तिका आणि तलाठ्याचा पंचनामा या सर्वांत स्थळवर्णन असते. पंचनाम्याचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. 'पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडरस्ता, दक्षिणेस अमक्याचे वावर' अशी चतुःसीमा लिहिणारा मनुष्य साहित्यिक नसतो. परंतु त्याने लिहिलेले वाचून आपण त्या जागी जाऊन उभे राहू शकतो. साहित्यिक म्हणवणाऱ्या पुष्कळ वर्णनांविषयी असे म्हणता येत नाही.

अनेक वर्षे मी या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासत आले आहे. 'तुमच्या परिसरातील एका रमणीय स्थळाचे वर्णन करा' हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो आणि खानदेशातील विद्यार्थी त्याचे उत्तर महाबळेश्वर, काश्मीर किंवा नायगारा यांवर लिहितात. परिसर या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नसतो असे नाही. आपला परिसर वर्णनास योग्य आहे यावरच त्यांचा विश्वास नसतो. भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की महामार्गालगत दीपनगर लागते. औष्णिक विद्युत केंद्र आणि त्याची वसाहत. तेथे नोकरी करून पदवीचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी संपर्कसत्रात मला म्हणाला, "आमच्याकडे वर्णन करण्यासारखे काय आहे, मॅडम? चिमण्या आणि राखड." त्याच्या म्हणण्यातील चिमण्या कोणत्या, हे दीपनगरच्या माणसाला विचारावे लागत नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे हा या घटकाचा हेतू आहे. घटकाच्या अभ्यासानंतर वर्णनातील रूढ शब्द तुम्हाला ओळखता यावेत, नावे आणि स्थलदर्शक शब्द यांचे कार्य समजावे, आणि जे स्थळ तुम्ही रोज पाहता त्याविषयी एक पान नीट लिहिता यावे, एवढी अपेक्षा आहे.

६.२ एका उत्तराचे दोन खर्डे

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने प्रथम पुढील उत्तर लिहून आणले. त्याच्या अनुमतीने, नाव न देता, ते येथे देत आहे.

'आमचे दीपनगर अतिशय निसर्गरम्य आहे. आजूबाजूला हिरवीगार वनराई पसरलेली आहे. पहाटे पक्ष्यांचा किलबिलाट मन मोहून टाकतो. दूरवर सातपुड्याच्या रांगा नववधूसारख्या नटलेल्या दिसतात. तापी नदी नागमोडी वळणे घेत संथपणे वाहते. हे दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटते.'

या उताऱ्यात व्याकरणाची एकही चूक नाही. शुद्धलेखनही निर्दोष आहे. तरी त्यात काय उणे आहे, हे पाहण्यासाठी एक साधी कसोटी लावा. दीपनगरच्या जागी वाई, तापीच्या जागी कृष्णा आणि सातपुड्याच्या जागी सह्याद्री असे शब्द घाला. उतारा जसाच्या तसा चालतो. नावे बदलली तरी ज्याचे काहीच बिघडत नाही, ते वर्णन कोणत्याच स्थळाचे नसते. या कसोटीला आपण 'अदलाबदलीची कसोटी' म्हणू. पुढे ती पुन्हा लागेल.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने येथे घडते ते असे. काही शब्द दीर्घ वापराने एकमेकांना इतके चिकटतात की पहिला उच्चारला की दुसरा आपोआप येतो. वनराई म्हटली की हिरवीगार, वळणे म्हटली की नागमोडी, किलबिलाट म्हटला की मन मोहणे. अशा रूढ जोड्या बोलताना सोयीच्या असतात, कारण त्या विचार वाचवतात. वर्णनात मात्र त्या पाहणेच वाचवतात. 'डोळ्यांचे पारणे फिटणे' हा वाक्प्रचार घ्या. पारणे म्हणजे उपवास सोडणे. ते फिटण्यासाठी आधी उपवास घडलेला असावा लागतो. फार दिवसांच्या वियोगानंतर एखादी माउली मुलाला पाहते तेव्हा तो वाक्प्रचार शोभतो. जो मनुष्य रोज त्याच फाटकातून आत जातो आणि बाहेर येतो, त्याच्या डोळ्यांनी कोणता उपवास धरला होता?

मी त्याला एवढेच सांगितले की रात्रपाळी सुटल्यावर पहिला अर्धा तास तू कोठे असतोस, तेवढेच लिही. दुसरा खर्डा असा आला :

'रात्रपाळी सुटली की मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबतो. हिवाळ्यात या वेळी दोन पांढरे ढग दिसतात. एक कूलिंग टॉवरवर असतो. तो वाफेचा. थोडा वर गेला की विरतो. दुसरा नदीच्या अंगाला असतो. ते धुके. उन्हे चढेपर्यंत ते हलत नाही. चिमणीतून निघतो तो धूर या दोहोंपेक्षा पातळ आणि करडा असतो. नव्या पाहुण्याला तो दिसतच नाही. तो वाफेलाच धूर म्हणतो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर उत्तरेला सातपुडा दिसतो. एरवी तिकडे डोंगर आहे हे माहीत असावे लागते. टपरीच्या पत्र्यावरून बोट फिरवले की राखड लागते. घरी गेलो की आई म्हणते, आधी हात धू.'

आता कसोटी लावून पाहा. वाई, कृष्णा आणि सह्याद्री या उताऱ्यात शिरत नाहीत. विशेषणे थोडी आहेत आणि जी आहेत ती काम करतात : 'पातळ आणि करडा' हे शब्द काढले तर धूर आणि वाफ यांतील भेद नाहीसा होतो. तीन पांढुरक्या गोष्टींना तीन वेगळी नावे आहेत. सुंदर हा शब्द एकदाही आलेला नाही. 'एरवी तिकडे डोंगर आहे हे माहीत असावे लागते' हे वाक्य, माझ्या मते, सातपुड्यावर लिहिलेल्या अनेक पानांपेक्षा सरस आहे.

आता एक कबुली. या उताऱ्यातील 'राखड' हा शब्द मी लाल शाईने खोडला, वर 'राख' असे लिहिले आणि समासात 'प्रमाण शब्द वापरावा' असा शेरा दिला. पुढच्या सत्राला तो वही घेऊन आला. वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तो हळूच म्हणाला, "चुलीत असते ती राख, मॅडम. बंधाऱ्यात जाते ती राखड."

भाषाविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या बाईला हे एका वाक्यात ऐकावे लागले. राख भांडी घासायला लागते, धान्याला लावतात, कपाळी अंगारा म्हणून लावतात; ती मूठभर असते आणि घरातली असते. राखड टनांनी मोजतात. ती पाण्याबरोबर नळातून बंधाऱ्याकडे जाते, कोरडी असेल तर टँकरसारख्या बंद गाड्यांतून सिमेंटच्या व विटांच्या कारखान्यांकडे जाते, वारा सुटला की गावावर येते. प्रमाण मराठीतही असे भेद आहेतच. धूळ जमिनीवर असते, धुरळा हवेत असतो; त्या दोहोंतला एक शब्द खोडण्याचे मला कधी सुचले नसते. राखड हा शब्द कोशाच्या दारात उभा होता आणि मी त्याला बाहेर घालवीत होते, केवळ तो भुसावळकडचा होता म्हणून. मी शेरा खोडला, गुण वाढवले. परंतु त्याआधीच्या वर्षांत किती वह्यांमधून असे शब्द मी काढून टाकले असतील, याचा हिशोब आता लागणार नाही.

या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तरी बोलीच्या सामर्थ्याविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची लेवा गणबोलीतील कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि शेती, घर व जमीन यांविषयीचे शेकडो शब्द मराठी वाचकाच्या घरात गेले. त्या शब्दांवर कोणी लाल शाई फिरवली असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा.

६.३ नाव हे पहिले वर्णन

स्थळाचे वर्णन करण्यास आपण बसतो त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी त्याला नाव देऊन पहिले वर्णन करून ठेवलेले असते. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरच्या प्रचंड धबधब्याला तेथील लोक 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणतात. त्याचा अर्थ 'गर्जणारा धूर'. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८५५ साली तो पाहिला आणि त्याला आपल्या राणीचे, व्हिक्टोरियाचे नाव दिले. दोन्ही नावे आज चालतात. १९८९ साली जागतिक वारसा यादीत ते स्थळ दोन्ही नावांनी नोंदले गेले. दोहोंपैकी कोणत्या नावातून धबधबा दिसतो हे सांगावयास नको. राणीने तो पाहिलाही नव्हता.

आता आपल्याकडे या. जबलपूरजवळ भेडाघाटाला नर्मदा कोसळते, त्या प्रपाताचे नाव धुवांधार. तुषारांचा लोट धुरासारखा उठतो म्हणून. झांबेझीच्या काठची माणसे आणि नर्मदेच्या काठची माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत, तरी त्यांना पाण्यात धूरच दिसला. गोव्याच्या सीमेवरील प्रपातात लोकांना दूध दिसले आणि त्याचा दूधसागर झाला. आणि दीपनगरच्या टपरीवर येणाऱ्या नव्या पाहुण्याला वाफेत धूर दिसतो. तेथे काम करणाऱ्याला मात्र ती वाफच दिसते. प्रत्येक नावात पाहणाऱ्याची जागा, त्याचा व्यवसाय, त्याचे घर कोठेतरी असते. ऑस्ट्रेलियातील तांबड्या एकसंध खडकाला १८७३ मध्ये एका भूमापकाने 'एअर्स रॉक' हे एका सत्ताधाऱ्याचे नाव दिले होते. १९९३ पासून 'उलुरू' हे तेथील मूळ रहिवाशांचे नाव त्याच्या जोडीला अधिकृतपणे आले. नावांविषयीचे असे तंटे केवळ अभिमानाचे नसतात. कोणाचे पाहणे ग्राह्य धरायचे, हा त्यांतील प्रश्न असतो.

आपल्या नद्यांची नावेही याच दृष्टीने वाचता येतील. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे तापी उगम पावते. मूळ तापी, म्हणून मुलताई. पुराणांनी तिला सूर्याची कन्या मानले. सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहून सुरतेजवळ ती समुद्राला मिळते. सूर्यकन्येचे पाणी घेऊन वीज निर्माण करणाऱ्या वसाहतीचे नाव दीपनगर ठेवले गेले, हा योगायोग असो वा कोणा रसिक अधिकाऱ्याची योजना असो, नाव चांगले आहे. नवी नावे सर्वच वाईट असतात असे समजू नये.

दीपनगरच्या पूर्वेस, चांगदेव येथे तापीला पूर्णा मिळते, आणि त्या संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचे धरण आहे. धरणाला ४१ दरवाजे आहेत, ही गोष्ट पुराच्या बातम्यांमुळे येथील लहान मुलांनाही माहीत असते. हिवाळ्यात या जलाशयावर उत्तर आशियातून हजारो पाणपक्षी उतरतात. पक्ष्यांची मराठी नावे म्हणजे एकेका शब्दात बसवलेली वर्णनेच आहेत. चपट्या, रुंद चोचीच्या बदकाला मराठीत थापट्या म्हणतात. त्याच पक्ष्याला इंग्रजीत 'शॉव्हलर', म्हणजे फावडेवाला म्हणतात. एकाच चोचीत इंग्रजाला फावडे दिसले, आपल्याला कुंभाराच्या हातातील थापटणे. लांब अणकुचीदार शेपटीचे तलवार बदक. लाल डोक्याची लालसरी. काड्यांसारख्या पायांवर उभा असलेला शेकाट्या. चक्रवाकाचे नाव घेतले की त्याच्यामागून संस्कृत काव्यातील सारी विरही जोडपी येतात. वास्तवातील चक्रवाक मात्र जोडीने काठावर निवांत चरत असतो. वन आणि पक्षी यांविषयीचे असे शब्द मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानातील माणसांकडून गोळा केले आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. मराठीच्या विद्यार्थ्याने हा कोश एकदा तरी हाताळावा. 'पक्ष्यांचा किलबिलाट' लिहिण्याची सवय त्याने सुटते.

६.४ एका खोट्या चिठ्ठीची कथा

वर्णनातील नाव चुकले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्याच खानदेशात घडलेल्या एका प्रकरणात आहे. ते थोडे विस्ताराने सांगते.

पिंगळा तुम्हाला परिचित आहे : गावालगतच्या जुन्या झाडांतून राहणारे, ठिपक्याठिपक्यांचे लहान घुबड. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशालाही याच पक्ष्याचे नाव मिळाले आहे. याचा एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, चोच दणकट असते, आणि घुबड असूनही तो दिवसा वावरतो. १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्यानंतर जेमतेम दशकभर मोजके नमुने मिळाले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशातून, शहादा-तळोद्याच्या बाजूने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी कोणाला मिळाला नाही.

पुढे रिचर्ड माइनर्टझहागेन या सेनाधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा आणखी एक नमुना दिसू लागला. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर साल १९१४ आणि ठिकाण गुजरातेतील तापीकाठचे मांडवी असे होते. तापी आपलीच, परंतु मांडवी पुष्कळ खाली, समुद्राच्या बाजूला आहे. सर्व नोंदींत ही नोंद सर्वांत अलीकडची, म्हणून शोध घेणाऱ्यांना ती सर्वांत भरवशाची वाटली. शोध झाले. पक्षी सापडला नाही. रानपिंगळा बहुधा नष्ट झाला, असे मत बळावत गेले.

शतकाच्या अखेरीस अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले. मांडवीच्या चिठ्ठीचा नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, परंतु पहिल्या भरणीच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. आणि त्या डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या. संग्रहालयातील जुना नमुना उचलून त्याला खोटे ठिकाण आणि खोटे साल चिकटवलेले होते. तेव्हा मांडवी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांकडे जायचे ठरले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे प्रथम पूर्वेकडील जुन्या ठिकाणी गेले. तेथे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याला आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजी झाला. पुढे तो पक्षी तोरणमाळ, मेळघाट आणि यावलच्या अभयारण्यातही आढळला.

आता या प्रकरणाकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहा. चिठ्ठीवर फक्त एक स्थळनाम आणि एक दिनांक होता. त्यात विशेषण नव्हते, उपमा नव्हती. तरी त्या एका खोट्या नामाने पक्षी आपल्या गावातून हद्दपार केला. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा गावांच्या शिवारात तो या सर्व काळात होताच. ज्यांच्या डोळ्यांदेखत तो फांदीवर बसत होता, त्यांना त्याविषयी कोणी नीट विचारल्याचे दिसत नाही.

येथे एक शंका रास्त आहे : ललित लेखनात कल्पनेला वाव असतो, मग ही पंचनाम्याची शिस्त त्यात कशाला? कल्पित गाव रचण्यास काहीच हरकत नाही. परंतु न पाहिलेल्या काश्मीरचे वर्णन 'माझा परिसर' म्हणून लिहिणे हे कल्पित नव्हे. ती मांडवीची चिठ्ठी आहे.

६.५ कोठे उभे राहून?

मराठीत प्रवासी माणसाच्या मुखी एक विलक्षण क्रियापद आहे : लागणे. 'भुसावळ सोडले की साकेगाव लागते, मग नशिराबाद, मग जळगाव.' गावे जागच्या जागी असतात. चालणाऱ्याला ती लागतात. नकाशात साकेगाव 'आहे', रस्त्यावर ते 'लागते'. या एका क्रियापदाने लेखक प्रवाशाच्या पायाशी येऊन उभा राहतो. याच्या उलट 'वसले आहे' हे क्रियापद पाहा. 'डोंगराच्या कुशीत वसलेले गाव' असे म्हणणारा बहुधा विमानात असतो.

अलीकडे–पलीकडे, वर–खाली, अलथडी–पैलथडी या शब्दांचेही असेच आहे. भाषाविज्ञानात त्यांना स्थलदर्शक शब्द म्हणतात. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. तापीच्या दक्षिणेस राहणाऱ्या भुसावळकराला यावल-रावेरच्या केळीच्या बागा पैलथडीला असतात. फैजपूरच्या माणसाला दीपनगरच्या चिमण्या पैलथडीला. दोघांचे म्हणणे खरे असते. मध्येच बाजू बदलणारे वर्णन मात्र वाचकाला नदीत बुडवते.

बालकवी ठोंबरे या जिल्ह्यातले. धरणगाव येथे १८९० मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९१८ मध्ये जळगाव-भुसावळ लोहमार्गावरील भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात, अठ्ठाविसाव्या वर्षी ते गेले. त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता तुम्ही शालेय वयात वाचली असेल. ती पुन्हा काढून वाचा. तिच्यात गावाचे नाव नाही. माझ्या आतापर्यंतच्या विवेचनाला ती अपवादच ठरते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाहणारा कोठे आहे आणि त्याची दृष्टी कोणत्या वाटेने जाते, हे तिच्यात इतके निश्चित आहे की नावाची उणीव भासत नाही : रुंद दृश्यापासून एका पायवाटेवर आणि पायवाटेवरून एका झाडावर. रंगांचे शब्द मोजून पाहा, आणि ते कोणत्या क्रमाने येतात तेही पाहा. विशेषणे वाईट नसतात. त्यांना जागा नेमून दिलेली असावी लागते.

काळाचेही भान हवे. 'धुके असते' आणि 'धुके होते' यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात सवयीचे, अनेक दिवसांचे दृश्य आहे. दुसऱ्यात एकच सकाळ आहे. दुसऱ्या खर्ड्यात विद्यार्थ्याने सर्वत्र रीतीचा वर्तमानकाळ वापरला, कारण तो रोज तेथे असतो. पर्यटकाने तसे लिहिले तर ते लटके ठरते. त्याने एक सकाळ पाहिली, त्याने भूतकाळात लिहावे.

६.६ 'रमणीय' या शब्दाविषयी

प्रश्नपत्रिकेतील 'रमणीय' हा शब्द काढावा असे माझे मत आहे आणि ते मी योग्य त्या ठिकाणी मांडले आहे; अद्याप तो निघालेला नाही. तोवर तुम्हाला त्यातून वाट काढावी लागेल.

अजिंठ्याची लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या कड्यात कोरली आहेत, त्या कड्याखालून वाघूर वाहते. १८१९ पासून, जॉन स्मिथ या सेनाधिकाऱ्याला ती दिसली तेव्हापासून, त्या जागेची वर्णने इतकी झाली आहेत की आज तेथे उभा राहणारा लेखक बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो. सर्वांत रमणीय स्थळ हे वर्णनास सर्वांत कठीण असते, ते यामुळे. आता त्याच नदीबरोबर उत्तरेकडे या. ती साकेगावच्या पुलाखालून जाते आणि पुढे तापीला मिळते. पुलावरून जाणाऱ्या बसमधील कोणी मान वळवून पाहत नाही. साकेगावच्या वाघूरवर चार चांगली वाक्ये लिहिणारा विद्यार्थी, अजिंठ्यावर चार पाने लिहिणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला असतो, कारण तेथे त्याला उसने घेण्यास काही नसते.

पैलथडीच्या केळीच्या बागेचेही पाहा. 'हिरवागार केळीचा मळा' लिहून आपण मोकळे होतो. बागवानाला मात्र मृगबाग आणि कांदेबाग वेगळ्या दिसतात. एक मृगात लावलेली, दुसरी पावसाळ्यानंतर. लागवडीचा महिना त्याला लांबून पानांच्या उंचीवरून कळतो. खोड, कंद, पील, कमळ, घड, फणी हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले. ही शब्दसंपत्ती ज्याच्या घरात आहे त्याने 'हिरवागार' लिहून थांबावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आणि जे सुंदर नाही त्याचे काय? टपरीच्या पत्र्यावरची राखड सुंदर नाही. आईने हात धुवायला सांगणे हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही. त्यात काळजी आहे. दीपनगरची वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते आणि राखड येथेच राहते, हे त्या विद्यार्थ्याने कोठेही म्हटले नाही. मी विचारले, हे का लिहिले नाहीस? तो म्हणाला, "पत्र्यावर बोट फिरवले, तेवढे पुरे आहे." मला आधी ते पटले नाही. आता पटते. वर्णनात वस्तू नीट ठेवली की तक्रार वाचक स्वतः करतो.

६.७ उपक्रम

तुम्ही रोज जेथून जाता असे एक ठिकाण निवडा : बसथांबा, पाटाची मोरी, कारखान्याचे फाटक, नदीवरची फरशी, शेताचा बांध. तेथे सलग तीन दिवस एकाच वेळी अर्धा तास उभे राहा. पहिल्या दिवशी काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी केवळ नावे लिहा; झाडाचे, पक्ष्याचे, मातीचे, यंत्राचे नाव ठाऊक नसेल तर तेथे काम करणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याने सांगितलेला शब्द त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी २५० शब्दांचे वर्णन लिहा. त्यात 'निसर्गरम्य', 'नयनरम्य', 'विलोभनीय' हे शब्द येऊ देऊ नका. लिहून झाल्यावर अदलाबदलीची कसोटी लावा.

ज्यांना अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी वा अन्य बोली येते त्यांनी पाणी, माती, वारा आणि राख यांविषयीचे आपल्या बोलीतील किमान दहा शब्द स्वतंत्र पानावर लिहावेत आणि प्रत्येकासमोर, प्रमाण मराठीतील जवळच्या शब्दापेक्षा तो कोठे वेगळा पडतो, हे एका वाक्यात सांगावे. या पानावर लाल शाई वापरली जाणार नाही.

वर्णनाच्या शेवटी ठिकाणाचे नाव, तालुका, दिनांक आणि उभे राहण्याची वेळ लिहावी. कोणत्या दिशेकडे तोंड करून उभे होता तेही लिहावे.